घोडीचा मागचा पाय

घोड्याच्या मागे उभं राहू नये, हे घाटावरच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. माझा भाऊ रेवसच्या खाडीकाठी बैलांत वाढला, आणि बैलाला माणूस पुढून भितो. शिंगं पुढे असतात. बैल बिथरला तर त्याच्या मागे जायचं, शेपटी धरून पिरगाळायची, म्हणजे तो पुढे पळतो आणि आपण वाचतो, हे आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून कळतं. बैलही लाथ मारतो, पण ती बाजूला मारतो. सरळ मागे उभ्या माणसाला सहसा लागत नाही. एवढ्याशा गोष्टीपायी दादाचं शिक्षण सुटायची वेळ आली होती.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमच्या गावातून अलिबागेला इंग्रजी शाळेत गेलेला तो पहिला. मॅट्रिक झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा कचेरीत खुर्चीवर बसणार. बाबांनी ठरवलं, त्याने मुंबईच्या गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात जायचं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात बुळकांडीच्या साथीने आमच्या वाडीतले गोठे रिकामे केले होते. सरकारी डॉक्टर सुया घेऊन आला तेव्हा टोचायला गुरंच उरली नव्हती. तो बिचारा पडवीत बसून चहा पिऊन गेला. बाबा त्या दिवसापासून एकच बोलत होते, "आपल्यातला एक तरी शिकला पायजे. मग वाट बघाया नको."

लोकल बोर्ड जिल्ह्यातल्या एका मुलाला शिष्यवृत्ती देणार होतं. कॉलेजातल्या साहेबाने दादाला विचारलं, गुरांचा डॉक्टर कशाला व्हायचंय? दादाने सांगितलं, आमच्याकडे डॉक्टर येतो तेव्हा गुरं मेलेली असतात. साहेब हसला म्हणे, आणि नाव घातलं.

गावात मात्र निराळंच हसू झालं. आई विहिरीवर गेली की बायका सुरू व्हायच्या.

"एवढं इंग्रजी शिकला आन् शेवटी गुरंच राखायला चालला?"

"राखायला न्हाय गं, शेण तपासायला!"

"मग आमची म्हैस दाखवू काय त्याला? तिला आजकाल माझं तोंड आवडत न्हाय."

"त्याला औषध न्हाय, बाय. ते तुझ्या नवऱ्याला पण आवडत न्हाय."

आई कळशी भरून गप्प यायची आणि घरी येऊन ती अशी आपटायची की खालची चुंबळ उडायची.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन दादा उन्हाळ्यात आला. बाबा रात्रंदिवस वाट बघत होते ती त्याच्या तोंडून बैलाचं ऐकायला. जेवायला बसल्या बसल्या विचारलं, "बैलाचं काय काय शिकवलं?"

"बैल अजून आला न्हाय, बाबा. घोडा चाललाय."

"वरीसभर घोडा?"

"घोड्याची हाडं, घोड्याचे दात, घोड्याचा खूर. मुंबईत घोडे लई. पलटणीत घोडे, ट्रामच्या काळापासून सगळा कारभार घोड्यांचा. बैल घोड्याहून कुठं वेगळा, तेवढंच मागनं सांगतात."

बाबांनी भाताचा घास चावला आणि म्हणाले, "म्हंजे आपला बैल हा घोड्याचा चुलतभाऊ."

दादा हसला, बाबा हसले नाहीत. आमच्या सगळ्या पट्ट्यात घोडं एकच होतं. बंदरावरच्या टांगेवाल्याची घोडी, जी आगबोटीतून उतरलेल्या लोकांना अलिबागेला नेत असे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली दादा दुसऱ्या वर्षाला होता. इकडे आमच्या मिठाच्या आगरांत पोलीस फिरत होते आणि तिकडे त्याच्या हातात पहिल्यांदा जिवंत घोडा आला. तोवर त्याने घोडा कापलेला पाहिला होता, चित्रात पाहिला होता, त्याची हाडं पाठ केली होती. गुरुजींनी सांगितलं, हा घोडा तबेल्यातून बाहेर काढ. घोडा हलेना. दादा पुस्तक विसरला आणि घरच्यासारखा मागे गेला, शेपटी धरली आणि पिरगाळली.

लाथ मांडीवर बसली, गुडघ्याच्या जरा वर. तो भिंतीपर्यंत उडाला. वर्गात घाटावरची आणि पार पंजाबाकडची पोरं होती, पलटणीतल्या स्वारांची मुलं. ती आधी हसली, मग उचलायला धावली. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं बैल.

दिवाळीच्या आधी तो घरी आला तो काठी घेऊन. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा कलिंगडाएवढा झाला होता. गुडघ्याचं आईने लेप लावून लावून बरं केलं. दुसरं जे झालं होतं ते लेपाने जाणारं नव्हतं. रस्त्यावरून टांगा गेला, नुसत्या टापा ऐकू आल्या, की तो हातातलं काम सोडून ओटीवरून आत यायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, पाणी प्यायचंय. दिवसातून किती पाणी पिणार माणूस?

एकदा भात झोडताना तो मला म्हणाला, "बाय, मी परत जात न्हाय."

"मग काय करशील?"

"आगरात जाईन. बाबांना सांगू नको."

मी लगेच बाबांना सांगितलं. असल्या गोष्टी पोटात ठेवायची मला सवय नाही.

बाबांनी त्याला समोर बसवलं. तेव्हा कळलं की चैत्रात परीक्षा आहे. त्या परीक्षेत परका घोडा एकट्याने धरायचा, दात बघायचे, चारी पाय उचलून खूर दाखवायचे. गुरुजींनी बजावलं होतं, घोड्याला हात लावता आला नाही तर वर्ष जाईल, वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाईल. शिष्यवृत्ती गेली की मुंबईत राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे सगळं त्या चार पायांवर येऊन थांबलं होतं. त्यातल्या पुढच्या दोघांचं एवढं नव्हतं.

बाबा दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले आणि टांगेवाल्याशी बोलले. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्याचं घर बंदराच्या अलीकडे, उंडीच्या झाडाखाली. घोडी पांढरट, वयाने उतरलेली, पण टांगा ओढायला चोख. ठरलं असं की आगबोट यायच्या आधी दादाने जाऊन घोडीची चाकरी करायची, आणि त्या बदल्यात आमच्याकडून हिरव्या गवताचा भारा जायचा. भारा डोक्यावर घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. माझी चौथी झाली होती, पुढे शाळा नव्हती, आणि गवत कुणीतरी न्यायचं होतंच.

पहिल्या दिवशी दादा झाडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला तो तिथेच.

चाचा टांग्याच्या चाकाला वंगण लावत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, घोडी इकडं हाय. झाडाला ताप न्हाय आला."

"बघतोय," दादा म्हणाला.

"बघ, बघ. तीपण तुला बघते. दोघांचं लगीन ठरवायचं काय?"

मी भारा टाकला. घोडीने माझ्या खांद्यावरून मान घालून गवत ओढलं. मी म्हटलं, "दादा, हा भारासुद्धा तुझ्याहून शूर निघाला." त्याला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तो बुंध्यापासून दोन पावलं पुढे होता.

असंच चाललं. कधी मानेवर हात ठेवायचा, कधी नुसतं बोलून परत यायचं. घोडीने शेपटीने माशी उडवली तरी तो मागे सरायचा. चाचा टोमणे मारायचा, पण त्याने दादाला कधी ढकललं नाही. घोडी बांधून स्वतः चिलीम भरत बसायचा. दादाच्या कपाळाला थंडीत घाम यायचा. त्याला मी तेव्हा घाबरट म्हणत असे. आता वाटतं, भीती नसलेला माणूस तिथे रोज गेला असता तर त्यात काय मोठं होतं?

मानेवरून हात खांद्यावर गेला, खांद्यावरून पुढच्या पायावर. पुढचे दोन्ही खूर तो उचलायला लागला. मागच्या पायाशी आला की थांबायचा. पुस्तकात लिहिलं होतं, दूर राहू नये, अंगाला अंग लावून उभं राहावं, म्हणजे लाथेला जोर मिळत नाही. त्याला ते पाठ होतं. मला म्हणून दाखवायचा. पाय मात्र जमिनीतून निघत नसत.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मी भारा घेऊन पोचले तर तो घोडीच्या मांडीला खांदा लावून उभा होता आणि मागचा खूर त्याच्या मांडीवर होता. सळईने तो खुरातली माती काढत होता. घोडी डुलकी घेत होती. दादाने मला पाहिलं आणि तोंडभर हसला. दिवाळीनंतर मी त्याला हसताना प्रथम पाहिलं.

"चाचा, बघितला काय?"

"बघितला. आता तो खाली ठेव. तिला तीन पायांवर अलिबागेला जाता येत न्हाय."

त्याच आठवड्यात तो मुंबईला परत जायचा होता. बाबा बैलगाडीतून त्याची पेटी बंदरावर घेऊन निघाले. मीही गाडीत होते. पोचलो तर उंडीखाली माणसं जमलेली. घोडी खाली पडून लोळत होती, उठत होती, पोटाकडे वळून बघत होती, पुढच्या पायाने माती उकरत होती. चाचा लगाम धरून तिला फिरवायला बघत होता आणि ती फिरत नव्हती.

"पोट धरलंय," कुणीतरी म्हणालं. "बरं झालं तुम्ही आलात."

हे बाबांना उद्देशून. आसपासच्या वाड्यांत गुराचं पोट फुगलं की बाबांना बोलावत. त्यांचा उपाय एकच होता आणि तो बहुतेक वेळा चालायचा. गोडेतेलात ओवा आणि हिंग कालवायचं, बांबूच्या नळकांड्यात भरायचं, दोघांनी जनावराचं तोंड आभाळाकडे करायचं आणि नळकांडं घशात रिकामं करायचं. बैलांना, म्हशींना त्यांनी असं कितीदा पाजलं होतं, त्याला गणती नाही. नळकांडं गाडीत असायचंच; बाबांनी मला चाचाच्या घरातून तेल, ओवा, हिंग आणायला पाठवलं.

मी आले तेव्हा दादा बाबांच्या कानाशी लागला होता. "बाबा, घोड्याला असं न्हाय पाजत."

"कसं असं?"

"डोकं एवढं वर न्हाय करत. जीभ न्हाय ओढायची. थोडं थोडं द्यायचं, आन् खोकली तर लगेच सोडायचं. न्हाय तर वाट चुकतं."

"काय वाट चुकतं?"

"तेल. बैल सोसतो. घोड्याला..."

बाबांनी नळकांडं हातात घेतलं. माणसं ऐकत होती. बाबा मोठ्याने म्हणाले, "दोन वर्षं शिकलास तवा कुठं मागच्या पायापर्यंत पोचलास. तोंडापर्यंत यायला वेळ हाय तुला. बाजूला हो."

सगळे हसले. माझे बाबा वाईट नव्हते. पण चार माणसांत मुलाने शिकवलेलं त्यांना चालत नसे, आणि चार माणसांत बापाला अडवणं दादाला येत नसे. आमच्या घरात ते कुणालाच येत नसे.

चाचा हसला नव्हता. घोडी त्याची होती. त्याने लगाम न सोडता दादाला विचारलं, "डॉक्टर, तू बोल. तुझं काय म्हणणं हाय? तू म्हणशील तर मी थांबवतो."

सगळे दादाकडे बघायला लागले. बाबाही बघायला लागले. दादा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं आता हा बोलेल.

तो म्हणाला, "बाबा म्हणतात तसं करा."

दोघांनी तोंड वर केलं. अर्धं नळकांडं गेलं आणि घोडी खोकली. बाबांनी हात थांबवला नाही, बैलही खोकतात. तिच्या नाकातून तेल आलं. राहिलेलं त्यांनी दाबून पाजलं.

थोड्या वेळाने घोडीने वारा सोडला, लीद टाकली आणि उभी राहिली. लोकांनी बाबांची वाहवा केली. एक जण म्हणाला, "मुंबईचं कॉलेज कशाला, तुमच्याच गोठ्यात काढा." बाबा खूश झाले. पेटी बोटीत चढवायची वेळ झाली तर दादा म्हणाला, मी आज जात नाही. का, तर पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता. तो घोडीच्या छातीला कान लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मग श्वास जोरजोरात चालायला लागला, नाकपुड्या फुलायला लागल्या, आणि नाकातून घाण वासाचं पाणी यायला लागलं. दादा तिथून हलेना. मी त्याची भाकर तिकडेच नेत होते. मी विचारलं, "वाचंल काय?" तो म्हणाला, "न्हाय." त्यावर त्याला काही करता येत नव्हतं. तेव्हा असल्या दुखण्याला औषध नव्हतं, मुंबईलाही नव्हतं. तो तिला सावलीत ठेवत होता, अंग चोळत होता, तोंडापाशी पाणी धरत होता. बाबा एकदा येऊन बघून गेले. म्हणाले, थंडी बाधली.

एका दुपारी ती मेली.

चाचाने बांधाकडेला खड्डा खणायला घेतला. दादाने घरी येऊन पेटीतून कॉलेजची सुरी काढली आणि बाबांना म्हणाला, "चला." एवढंच. बाबा त्याच्या आवाजानेच उठले असतील. बाबांनी गाडी जुंपली, मी न बोलावता मागे चढले.

दादाने चाचाला विचारलं, "मी उघडू तिला?"

"कशाला?"

"का मेली ते दाखवतो."

चाचाने कुदळ ठेवली. मेलेल्या जनावराला आमच्यातलं कुणी हात लावत नसे, त्यामुळे बंदरावरची माणसं लांब सरून उभी राहिली. दादाने छाती उघडली. फुप्फुसाचा खालचा भाग काळा, घट्ट, कुजलेला होता. त्याने श्वासनळी चिरली आणि बोट आत फिरवून बाबांपुढे धरलं. बोटाला तेल होतं आणि तेलात ओव्याचे दाणे होते.

बाबांनी ते बोट बघितलं. मग चालत घरी निघून गेले. गाडी तिथेच राहिली, ती नंतर मी हाकत आणली.

दादा चाचाला म्हणाला, "मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तवा मला ठाऊक होतं. मी बोललो न्हाय."

"माझी घोडी होती," चाचा म्हणाला. "बाप तुझा होता. मी तुझ्या बापाला न्हाय, तुला विचारलं होतं."

"व्हय."

"आता टांगा कोण ओढंल? तू?"

चाचाने दादाच्या हातात कुदळ दिली. खड्डा दोघांनी मिळून पुरा केला. त्या दिवशी आईने दादाला विहिरीपाशीच उभा करून आंघोळ घातली, कपडे फेकून दिले, आणि वाडीतल्यांनी काही दिवस आमच्याकडचं पाणी घेतलं नाही. ते आपोआप मिटलं. रोग आला की पुन्हा आमच्याच दारात यायचं होतं त्यांना.

बाबांनी आमच्या जोडीतला धाकटा बैल सोडला आणि स्वतः चाचाच्या दारात बांधून आले. त्या वर्षी आमची नांगरणी शेजाऱ्याच्या बैलाबरोबर उसनवारीने झाली. चाचाने टांगा मोडला आणि एका बैलाचा छकडा केला. बोटीतून उतरणारे लोक हळू जातं म्हणून कुरकुरायचे. पुढे मोटार सुरू झाली तेव्हा तेवढेही राहिले नाहीत.

दादा मुंबईला गेला. चैत्रात परीक्षा झाली. त्याला बिथरणारा घोडा दिला होता, असं त्याने पुढे सांगितलं. त्याने चारी पाय उचलले. पोरं त्याला बैल म्हणायची थांबली की नाही, ते त्याने सांगितलं नाही. शेवटच्या परीक्षेच्या वेळी मी घरीच होते, लग्न पुढच्या वर्षी झालं. पास झाल्याची तार आली तेव्हा आईने घरोघर साखर वाटायला काढली. बाबा ओटीवर बसून होते. ते मला म्हणाले, "पहिली वाटी बंदरावर ने."

नळकांडं त्यांनी घोडी मेल्यापासून वापरलं नव्हतं. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, मुलगा येईल तेव्हा दाखवा. मुलाला नोकरी लागली देशावर, वर्षातून एकदा यायचा, आणि तोवर गुरं आपली मरत होती नाहीतर जगत होती. तो आला आणि गोठ्यात शिरला की बाबा बांधावर जाऊन उभे राहत. तो बाहेर येईपर्यंत परत यायचे नाहीत. दोघांनी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्द काढलेला मी ऐकला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. बोलून काय व्हायचं होतं?

साखरेची वाटी घेऊन मी बंदरावर गेले. चाचा उंडीखाली छकड्याला टेकून बसला होता. बैल शेजारी रवंथ करत होता.

"चाचा, दादा डॉक्टर झाला."

"घोड्यात पण पास?"

"सगळ्यात पास."

"मागचा पाय उचलला त्याने?"

"उचलला."

त्याने चिमूटभर साखर तोंडात टाकली. बाकीची तळहातावर ओतली आणि हात बैलापुढे धरला. बैल चाटत राहिला. संपली तेव्हा त्याने हात लुंगीला पुसला आणि मला वाटी परत दिली.